सहकुटुंब थीम पार्कची सहल: याला ख्रिस्ती आनंद म्हणता येईल का?

धागा मांडणारे, वसई

नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन पिढ्यांनी मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात एक दिवस घालवला. ते कळल्यावर आमच्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठांनी विचारले, करमणुकीवर एवढा पैसा खर्चून त्याला आनंद म्हणणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? माझ्या मते शोभते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात इस्राएली कुटुंबांना सांगितले आहे की, पवित्र स्थान फार दूर असेल तर दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठी काढलेला दहावा भाग, विकून त्याचे पैसे करावेत, ते घेऊन तिथे जावे, जिवाला आवडेल ते विकत घ्यावे आणि घरच्या माणसांसह परमेश्वरासमोर खाऊन-पिऊन आनंद करावा. म्हणजे प्रवास, खर्च आणि कुटुंब या तिन्ही गोष्टी देवाने स्वतःच एका आज्ञेत गुंफल्या आहेत. तिथल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरच्या आसनावर, पायांखाली फळीसुद्धा नसताना, एरवी मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या माझ्या मुलाने माझा हात घट्ट धरला; खाली आई सर्वांचे चष्मे आणि पाकिटे मांडीवर सांभाळत बसली होती आणि प्रत्येक फेरी सुटताना क्रूसाची खूण करत होती. त्या रात्री मी देवाचे मनापासून आभार मानले.

प्रतिसाद, पुणे

आपल्या आनंदाविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप आपण त्याला लावलेल्या वचनाला आहे. त्या वचनात ‘परमेश्वरासमोर’ हे मुख्य आहे आणि स्थळही त्यानेच निवडलेले आहे. ते वगळले तर दशमांशाची आज्ञा म्हणजे सहलीचा परवाना ठरते. पोप पॉल सहावे यांनी 1975 मध्ये ख्रिस्ती आनंदावरील आपल्या प्रबोधनपत्रात म्हटले होते की, तंत्रप्रधान समाजाने सुखाचे प्रसंग पुष्कळ वाढवले, पण आनंद निर्माण करणे त्याला फार अवघड जाते. हेच विधान पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये पुन्हा उद्धृत केले, आणि खोपोलीचे उद्यानही त्याच वर्षी सुरू झाले. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीला ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असे लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता. जो आनंद बेड्यांतही टिकतो आणि जो तिकिटाच्या वेळेबरोबर संपतो, त्या दोहोंना एकच नाव देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद, धर्मशिक्षण देणारी शिक्षिका, वसई

पुण्याच्या बंधूंची ही विभागणी मला फार कोरडी वाटते. काना गावातल्या लग्नात येशूने सहा दगडी रांजण भरतील एवढा द्राक्षारस दिला. तो लग्नघरचा आनंद होता आणि तोही सोहळ्याबरोबर संपणाराच होता. जखऱ्या संदेष्ट्याने उद्धार पावलेल्या यरुशलेमचे चित्र रंगवताना रस्त्यांवर काठी टेकत बसलेले म्हातारे आणि खेळणारी मुले-मुली दाखवली आहेत. तिथे कोणी प्रार्थना करत असल्याचा उल्लेखही नाही. चष्मे सांभाळणारी आजी त्या चित्रात सहज बसते.

प्रतिसाद, अहिल्यानगर

दादा, आपण अनुवादातले वचन काढले आहे, तर त्या पुस्तकात आणखी दोन पाने पुढे जाऊ. 16व्या अध्यायात सणाचा आनंद कोणी करायचा त्याची यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस), परका, अनाथ आणि विधवा. आपण सांगितलेल्या सहलीत या यादीतले पहिले दोघेच दिसतात. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंची मुले त्या दिवशी कुठे होती? जगभरच्या अशा उद्यानांत जास्त पैसे भरणाऱ्यासाठी वेगळी, लवकर सरकणारी रांग असते. बाकीचे उन्हात उभे राहून त्यांना पुढे जाताना पाहतात. शास्त्रातला सण याच्या अगदी उलट आहे, कारण तिथे कमी ऐपतीच्या माणसालाही घरच्यांबरोबरच बोलावणे असते. पाळण्यात बसण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो केवळ आपल्यापुरत्या आनंदाला.

धागा मांडणारे, वसई

अहिल्यानगरच्या ताई, आपला मुद्दा मला पुण्याच्या बंधूंच्या मुद्द्याहून अधिक टोचला, आणि तो मी घरी मांडणार आहे. तरीही बापलेकांनी एकत्र घालवलेला दिवस, त्यात परके आणि अनाथ नव्हते म्हणून, देवासमोरचा नव्हता असे मी मानणार नाही. मी सांगितलेल्या 14व्या अध्यायातच तिसऱ्या वर्षीचा दशमांश गरिबांसाठी वेशीच्या आत साठवून ठेवायला सांगितले आहे. याचा अर्थ घरच्यांसह करायच्या आनंदाला आणि गरिबांच्या वाट्याला, दोहोंनाही तिथे जागा आहे.

प्रतिसाद, अहिल्यानगर

जागा दोहोंना आहे हे मान्य. पण पहिल्या भागासाठी आपण गाडी काढून खोपोली गाठली. दुसऱ्या भागासाठी या वर्षी काय ठरवले आहे, ते इथे लिहावे.