ए मायनरच्या गाण्यात शेवटची कॉर्ड खटकते

प्रश्न: जुनी हिंदी-मराठी गाणी गिटारवर बसवतोय. ए मायनर, डी मायनर या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) जमतात. पण मुखडा संपताना दिलेली ई मायनर वाजवली की सूर कसनुसा लागतो. कॉर्ड चुकीची की माझा कान?

उत्तर १: कान अगदी बरोबर आहे! तिथे ई मेजर वाजवून बघा. ई मायनर धरूनच तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पहिल्या घरात) तर्जनी ठेवली की झालं. तो जी शार्प. ए ला सा धरलं तर हा शुद्ध नी, साच्या अगदी खालचा. तो सा कडे ओढतो, म्हणून मुखडा घरी आल्यासारखा वाटतो. ई मायनरमध्ये कोमल नी आहे, तिथे ही ओढ नाही. आणखी गोडवा हवा असेल तर चौथ्या तारेवरचं बोट उचला, ई सेव्हन मिळेल. मला तीच जास्त आवडते.

उत्तर २: पण सगळीकडे ई मेजर नको हं. ओळ गुणगुणून बघा. चालीत कोमल नी असेल तर ई मायनर किंवा जी मेजरच शोभते.

प्रश्नकर्ता: ई सेव्हन चपखल बसली! अंतऱ्यात कोमल नी आहे, तिथे जी घेतो.