अनुभव धागा: एडिटर, सर्व्हर आणि कीबोर्डशेजारची वाटी

वेब डेव्हलपर मंडळी, रोजचं टूल, पैसे भरून घेतलेली किंवा फुकटातली एखादी सेवा, आणि काम करता करता पोटात जाणारं खाणं, यांबद्दलची तुमची ठाम मतं इथे लिहा. जाहिरात नको. काय टिकलं, काय सुटलं आणि का, तेवढं सांगा.

सुरुवात मीच करते. नवीन सेवा घेताना मी आधी एक्सपोर्टचं बटण शोधते. चार नोंदी टाकायच्या आणि लगेच बाहेर काढून बघायच्या. एका नोट्सच्या सेवेची झिप उघडली, तर मजकूर जसाच्या तसा होता, पण प्रत्येक नोंदीवर तारीख एक्सपोर्टच्या दिवसाची! तिथेच तिला रामराम.

*

मी ॲटम या कोड एडिटरवाला. डिसेंबर २०२२मध्ये तो बंद झाला, तेव्हा अर्ध्या दिवसात व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरवर आलो. फाइली साध्या मजकुराच्या, बदलांचा इतिहास गिट या नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये. एडिटर काय, येतात नि जातात. एक्स्टेन्शनं मात्र मोजकीच ठेवतो.

*

माझा विषय खाण्याचा, पण शिरले ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून, जिथे साइट कुणाला काय पाठवते ते दिसतं. कॅलरी मोजायच्या एका साइटवर शोधपेटीत 'केळं' टाइप करत होते. सवयीने तो टॅब उघडायला एफ १२ दाबलं. दर अक्षरागणिक एक विनंती साइटच्या सर्व्हरला जात होती, ते ठीक. दुसरी जात होती भलत्याच डोमेनला, यूआरएलमध्ये माझा शब्द घेऊन. मी काय खाते हे जाहिरातवाल्यांना कशाला? आता जेवणाची नोंद टेक्स्ट फाइलमध्ये करते आणि रात्री कमिट, म्हणजे दिवसाचे बदल गिटमध्ये नोंदवून ठेवते. डिफ, म्हणजे आधीच्या नोंदीशी फरक, बघितला की आठवड्यात भाजी कुठे गायब झाली ते दिसतं.

*

पाकिटातलं खाणाऱ्यांसाठी: ओपन फूड फॅक्ट्स बघा. २०१२मध्ये सुरू झालेला खुला डेटाबेस, बारकोड दिला की जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुरात, माहिती देतो. मी छोटी स्क्रिप्ट लिहून १०० ग्रॅममागची साखर तेवढी काढतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी. २००० कॅलरींना ५० ग्रॅम. 'पौष्टिक' छापलेल्या बिस्किटांची साखर बघून मी पाकीट परत ठेवलंय. नोंदी स्वयंसेवकांच्या असतात, त्यामुळे आकडा विचित्र वाटला तर पाकिटावरचा खरा धरायचा.

*

कॉफी सोडा म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर घेत नाही. बाकी पथ्य शून्य.

*

बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार साइट बनणं, चालू असताना चरणं हा माझा रोग. उपाय आहाराचा नव्हे, टूलचा निघाला: फाइली एकत्र बांधणारा बंडलर बदलला, बिल्ड काही सेकंदांवर आला. डबा उघडायलाच वेळ मिळत नाही.

*

टेक्स्ट फाइलवाल्या ताई, तेल कसं लिहिता? मी तिथेच अडकतो.

*

चमच्यात. फोडणी डोळ्यांच्या अंदाजाने घातली असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाकते. सध्या फाइलीत प्रश्नचिन्हंच जास्त आहेत.