समुद्र न ओलांडलेले फौजी आजोबा

ब्रह्मदेशात, इटलीत लढलेल्यांच्या गोष्टी खूप ऐकल्या. पण दुसऱ्या महायुद्धात वर्दी चढवून जे इथल्याच छावण्यांत राहिले, त्यांचं काय? आमचे आजोबा त्यातले. "कुठं लढलात?" विचारलं की गप्प पानाला चुना लावत बसायचे. ते गेल्यावर ट्रंकेत इंडिया सर्व्हिस मेडल सापडलं. मागे अखंड हिंदुस्थानचा नकाशा, १९३९-४५. देशातच तीन वर्षं नोकरी केलेल्यांना ते मिळे. फीत उंदरांनी खाल्लेली.

तुमच्याकडे असं कोणी होतं का? लिहा. तारखा नाही आठवल्या तरी चालेल.

बेळगावकर
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला, बेळगावात, स्टोअरमध्ये. त्यांचं अख्खं युद्ध बुटांत गेलं. रंगरूट खेड्यापाड्यांतले, जन्मात पायात काही न घातलेले. पंजे पसरट. नऊ नंबर रुंदीला अडायचा, दहा लांबीला मोठा. आजोबा दहाच द्यायचे आणि पुढे चिंध्या कोंबायला सांगायचे. १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हा सेंटरभर चर्चा. आजोबांना एवढंच वाटलं, ह्यांनी आपल्याकडनंच बूट नेले असतील का. शेवटपर्यंत घरी कोणी आलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचे.

देवळाली कॅम्प
आमचे कारकून. गोरे सोल्जर मायदेशी परतायला बोटीची वाट बघत कॅम्पात कंटाळून जात. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात ते आमच्या गावावरून! आजोबा हे सांगताना फार खूश व्हायचे.

माझगावची सून
१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोट फुटली. पोटात कापसाच्या गासड्या, स्फोटकं आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र. (कुणाचं डोकं, देव जाणे.) माझे आजेसासरे तेव्हा कुलाब्याला शिपाई. ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने लागली, त्यातले ते एक. सांगायचे, गासडी वरून काळी पडलेली, फावडं घातलं की आत लालभडक. सगळे विचारायचे, सोनं सापडलं का? त्यांना लहान मुलाची एक चप्पल सापडली होती. कोणी न्यायला येईल म्हणून दोन दिवस बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी मुकादमानं ढिगात टाकली. पुढचं ते सांगत नसत.

नगरी
आमचे नगरच्या छावणीत ट्रक शिकले. गोळी झाडली ती फक्त चांदमारीत. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी सुटली, पुढे तेही एसटीत लागले. उतारावर कोणी गाडी न्यूट्रल केली की ओरडायचे, "मिल्ट्रीत असतास तर क्वार्टर गार्डात बसवला असता!" (म्हणजे छावणीच्या पहाऱ्याच्या कोठडीत.)

बेळगावकर, चिंध्यांचं खरं आहे. आमच्यांनी रद्दी पेपर कोंबले होते.