मदत हवी आहे: बर्लिनच्या पार्टीले काय घालू?

राजेहो, जरा मदत करा. आमी वरूडकडचे संत्रावाले, पॅकिंगचं छोटं काम हाये, अन् बर्लिनले दरवर्षी फेब्रुवारीत फ्रूट लॉजिस्टिका म्हणून फळांचं मोठं प्रदर्शन भरते ना, तिथं मी पहिल्यांदाच चाललो, तर तिथल्या एका खरेदीदारानं रात्रीच्या पार्टीचं आमंत्रण धाडलं, खाली लिवलं 'ब्लॅक टाय'. मी म्हटलं सोपं हाये, काळी टाय घेऊन टाकू. भाचा फोनवर हासतच सुटला, म्हणे मामा, ब्लॅक टाय म्हणजे काळा टक्सिडो, म्हणजे रात्रीच्या पार्टीचा खास सूट, पांढरा शर्ट अन् गळ्याले बो टाय, लांब टाय नाही.

माह्याजवळ सूट एकच, लग्नातला, 2011 चा, मरून, कॉलरले चमकी. काल घालून पाह्यला तर बटन अन् काज्यात दोन बोटं अंतर, टेलर म्हणते शिलाईत माया सोडलेलीच नाही, वाढवू कुठून. तसाही तो घालून गेलो तर बँडवाला समजतीन.

तर काळा बंधगळा शिवला तर चालते का? आपला नॅशनल ड्रेस म्हणून ब्लॅक टायमधी चालते असं ऐकलं, अन् तो नंतर लग्नाकार्यातही निघते, टक्सिडो घालून इथं कोणाच्या तेरवीले जाऊ? का तिथंच एका रात्रीपुरता भाड्यानं घ्यावं? बूट काळे लेसवाले हायेत, पॉलिश करून भागते का चकचकीत पेटंट लेदरचेच लागते? अन् थंडीचं काय, आतून थर्मल घातलं तर दिसते का?

जाऊन आलेल्यानंच सांगा भाऊ. टेलरले पंधरा दिवस लागते अन् हातात वीसच हायेत.