अनुभव धागा: विदर्भातून समुद्रावर, अख्खी याट भाड्यानं घेताना

धागाकर्ता (साकोली)

धान निघालं, कापसाचा पहिला वेचा विकला, की आपल्याकडच्या गावांतून गोवा-मालवण-मुंबईच्या सहली सुटतात. त्यात आता नवी टूम आली आहे. दहा-बारा जणांच्या कुटुंबानं मिळून अख्खी याट दोन तासांसाठी घ्यायची. जाहिरातीत पांढरी बोट आणि मावळता सूर्य दिसतो. भरती कधी, लाइफ जॅकेट कोणाच्या मापाचं, भाव कशाकशाचा, हे त्यात नसतं. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी लिहा. प्रवासवर्णन नको. वाचणारा उद्या फोन लावणार आहे असं धरून लिहा. तळ्यातल्या बोटीवाल्यांनीही लिहावं, कारण आपल्या बहुतेकांची पहिली बोट नवेगावबांध नाहीतर खिंडसीचीच असते.

सहलवाले (दर्यापूर)

भाव तासावर आणि पूर्ण बोटीचा असतो, माणशी नसतो. हंगामागणिक तो इतका हलतो की आकडा लिहिण्यात अर्थ नाही. तो आकडा कशाकशाचा ते मात्र विचारा: डिझेल, खलाशी, धक्क्याची फी, जीएसटी, बर्फ-पाणी, आणि मुंबईत असाल तर याटपर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटीचं भाडं. गेटवेसमोर याट धक्क्याला लागून उभ्या नसतात, आत पाण्यात नांगरलेल्या असतात. हे आधी माहीत नसलं की पायऱ्यांवरच हुज्जत सुरू होते.

वेळ कुठून मोजणार, हेही विचारून घ्या. धक्का सोडल्यापासून की बुकिंगच्या ठोक्यापासून? बारा माणसं चढवणं, जॅकेट घालणं, सूचना देणं यात वीस मिनिटं जातात. परत लागतानाही दहा मिनिटं धरा. म्हणजे दोन तासांतला दीडच तास पाण्यावर. एक तासाचं बुकिंग म्हणजे पैसे पाण्यात, माझं स्पष्ट मत.

गाडीतून उतरल्या दिवशी बोट ठरवू नका. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून निघून सकाळी सीएसएमटीला पोचते आणि तिथून गेटवे अडीच-तीन किलोमीटर. कागदावर हे छान जुळतं. गाडीला दोन तास उशीर झाला की बोटवाला पुढचं गिऱ्हाईक घेतो आणि आगाऊ रक्कम अडकते. वर्धा-बडनेरा-अकोला मार्गे मडगावला जाणाऱ्या गाडीनं गेलात तरी मध्ये एक रात्र ठेवा. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत की दुसरी तारीख, हे मेसेजवर लिहून मागा. फोनवरचा शब्द नंतर कोणाला आठवत नाही.

मे अखेर ते ऑगस्ट संपेपर्यंत समुद्रातला प्रवासी धंदा बंद असतो. पावसाळ्यात कोणी ‘ऑफर’ देत असेल तर ती फेरी नदीतली किंवा खाडीतली असणार. नाहीतर घेऊच नका.

खलाशी (मूळ चामोर्शी, आता पणजी)

आपल्याकडचे लोकं फोन करून पहिलं विचारतात, सनसेट आहे का? अरे भाऊ, पहिलं विचारा वारा कसा आहे. नोव्हेंबर ते मे, या किनाऱ्यावर सकाळी पाणी शांत असते. जमीन तापली की दुपारून समुद्रावरून वारा धरते आणि चार-पाचच्या सुमारास सगळ्यात जोरात असते. म्हातारी माणसं, लहान लेकरं, मळमळीचा त्रास असणारे संग असले तर सकाळी सात ते दहा. डॉल्फिन दिसायची आशाही तेव्हाच जास्त. हमी कोणी देत असेल तर तो खोटं बोलून राहिला.

संध्याकाळच पाहिजे असेल तर नदीच्या आतल्या आत फिरा. मांडवीत पणजी ते आग्वादचं तोंड सहा-सात किलोमीटर. आठ नॉट म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर, म्हणून एका बाजूला अर्धा तास लागते. तोंडाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावून राहिलं आणि समोरून वाऱ्याची लाट आत येऊन राहिली, की दोघांची टक्कर तिथंच होते. लाट उंच नसते, पण उभी आणि जवळजवळ येते. बोट आपटते ती याच्यानं. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथंही हाच प्रकार. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, तिथून माघारी वळला तर ‘पैसे पूर्ण घेतले, पुढं का नाही नेत’ म्हणून भांडू नका. बोट कुठून वळवायची हे त्यालाच ठरवू द्या.

भरती काढायला ॲप लागत नाही, घरचं पंचांग पुरते. तिथीला पाऊणनं गुणा, येतील तितके तास. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचं. हा हिशोब मुंबईचा, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढं सरकते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढते-उतरते, गोव्यात जेमतेम दोन. म्हणून मुंबईत भर ओहोटीला गेलात तर खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यावर हिरवं शेवाळ असते. चपलेचा रबर जुना असेल तर पाय गेलाच समजा.

चढायची रीत सांगतो. बोट लाटेवर वरखाली होते. ती वर येऊन धक्क्याच्या पातळीला क्षणभर थांबते, तेव्हाच पाय टाकायचा, खाली जाताना नाही. हातात काही ठेवायचं नाही, पिशवी आधी खलाशाकडं द्या. खलाशाचा पंजा पकडू नका, मनगट पकडा, म्हणजे तोही तुमचं मनगट पकडते आणि ओला हात सुटत नाही. बोट आणि धक्का यांच्यामधे पाय किंवा हात कधीच घालायचा नाही. पाच-सात टनाची बोट हातानं थांबत नाही, हाड मोडते. मधे टायर आणि फेंडर त्याच्यासाठीच लावलेले असतात.

डिझेलचं काम (हिंगणघाट)

इंजिन बघायला मेकॅनिक लागत नाही. सुटायच्या आधी दोन मिनिटं मागच्या बाजूला उभे राहा.

बाहेर टांगलेलं पेट्रोल इंजिन असेल तर सुरू झाल्यावर त्याच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. ते थंड करणारं पाणी असतं. धार तुटक असेल किंवा नसेलच, तर आत पाणी ओढणाऱ्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बसली आहे किंवा आतला रबरी पंखा झिजला आहे. आत बसवलेल्या डिझेल इंजिनातही तोच रबरी पंखा आणि त्याच्या आधी एक जाळी असते. विहिरीतल्या मोटरीच्या फुटव्हॉल्वला कचरा लागतो तसा हिला लागतो. जाळी तुंबली की दहा-पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा वर. काटा वर जाताना दिसला तर चालवणाऱ्याला सांगा. तो गप्पांत असू शकतो.

धुराचा रंगही बघा. काळा धूर म्हणजे इंजिनावर ताण: माणसं जास्त, नाहीतर बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात जाळ्याचा दोर अडकलेला. निळा म्हणजे ऑइल जळतं आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर थंड करणाऱ्या पाण्याच्या बाजूला गडबड आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी बसते आणि ठिणगीची वाट बघते. माणसं चढलेली असताना पेट्रोल भरणं चालू असेल तर उतरा, भरून झाल्यावर चढा. बंद खोलीतलं पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करायच्या आधी चार-पाच मिनिटं आतला पंखा चालवून वाफ काढतात. ‘सॉकेट लावा, मोबाइल चार्ज करतो’ हा आग्रह तेवढा वेळ नको.

स्पीडबोटीत चालकाच्या मनगटाला किंवा पट्ट्याला लाल पिळाची दोरी अडकवलेली हवी. तो पाण्यात पडला तर दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. दोरी नुसती स्विचला लोंबकळत असली तर तिचा उपयोग शून्य. बोट गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते. अशी लोंबकळणारी दोरी आपल्या तळ्यांवर फार बघायला मिळते.

दोन इंजिनं असलेली बोट मिळत असेल तर थोडे जास्त द्या. एकच असेल तर नांगर आणि वायरलेस आहे ना, बघा. वायरलेसवर संकटाचा चॅनल १६. मोबाइलवरून तटरक्षक दलाचा नंबर १५५४. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइलची रेंज जाते, वायरलेस चालतो.

औषधाच्या दुकानातली ताई (आरमोरी)

बोट लागण्याबद्दल. कान म्हणतो शरीर हलतंय, डोळ्याला खोलीच्या भिंती स्थिर दिसतात, मेंदूचा गोंधळ होतो आणि ओकारी येते. म्हणून मळमळ होणाऱ्याला आतल्या एसी खोलीत झोपवणं हा सगळ्यात चुकीचा उपाय. त्याला वर, मोकळ्या हवेत, बोटीच्या मधोमध बसवा. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, सगळ्यात जास्त हेलकावे बसतात. मागच्या टोकाला धुराचा वास. नजर लांब क्षितिजावर. मोबाइलमध्ये बघत व्हिडिओ काढणारेच आधी आडवे होतात.

गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. प्रोमेथाझिन थिओक्लेटची २५ मिलिग्रॅमची गोळी मोठ्यांनी निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची. झोप येते, तोंड कोरडं पडतं. दारूसोबत अजिबात नाही. पाच वर्षांखालच्या लेकरांना नाही. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण, किंवा झोपेच्या-मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पहिल्यांदा घेणाऱ्यानं घरी एकदा घेऊन बघावी, किती सुस्ती येते ते कळतं.

आदल्या रात्री सावजी नको, आणि सकाळी उपाशीही नको. पोळी, केळं, फुटाणे, मुरमुरे असलं कोरडं थोडं खा. मधुमेहवाल्यांनी गोळी-इन्सुलिन घेऊन खाणं टाळायचं नाही, साखर घसरते. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळायला ठेवा. ओकारी आलीच तर वारा येतो त्या बाजूला तोंड करायचं नाही. सोबत जाड पिशव्या ठेवा, कठड्यावर वाकू देऊ नका.

ऊन पाण्यावरून उलटं येतं, टोपी घालूनही हनुवटीखाली भाजतं.

आर्वीकर

सगळे मोटर-याटबद्दलच लिहून राहिले. गेटवेसमोर शिडाच्या याटही मिळतात. माणसं कमी बसतात, एसी नाही, गाणी नाहीत. शीड भरलं की बोट एका अंगाला कलते आणि नवखे घाबरून खालच्या बाजूला सरकतात. सरकायचं वरच्या बाजूला. खाली तळाला जड धातूचा पाता असतो, बोटीच्या एकूण वजनाचा मोठा हिस्सा त्यातच, तोच तिला परत सरळ करतो. दिशा बदलताना शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून झपकन पलीकडे जाते. ‘खाली वाका’ म्हटलं की का म्हणून विचारत बसू नका. सकाळी वारा नसला की ती नुसती उभी राहते, म्हणून हिची वेळ दुपारी तीननंतर. वरच्या खलाशीभाऊंच्या सल्ल्याच्या बरोबर उलट.

डोंगेवाला (पवनी)

समुद्राचं मले समजत नाही, पण माणसं किती बसवायची ते समजते. बोटीच्या कागदावर प्रवाशांचा आकडा लिहिलेला असते. तो कागद गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स देते, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सागरी मंडळ. तळ्या-नद्यांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. आकडा बोटीवर रंगवलेला नसला तर कागद मागा. त्या आकड्यात खलाशी धरले का, तेही विचारा. मांडीवरचं लेकरूही माणूसच मोजायचं.

भार बरोबर असूनही बोट उलटते, कारण सगळे एका बाजूले जातात. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढून राहिले होते, नाव उलटली, आठ जण गेले. अंगात जॅकेट नव्हते. डॉल्फिन दिसला म्हणून याटवरही लोकं असेच धावतात. मोठी बोट सहजी उलटत नाही, पण कठड्यावरचा माणूस खाली जाते. १८ डिसेंबर २०२४ ले मुंबई बंदरात एलिफंटाकडं जाणाऱ्या फेरीबोटीले नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा तर काही समजायचा वेळच नव्हता. जॅकेट पिशवीत नाही, अंगावर पाहिजे.

जॅकेट तपासायची पद्धत: घातल्यावर दुसऱ्यानं दोन्ही खांद्याकडून वर ओढायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. लेकराच्या जॅकेटले दोन पायांमधून जाणारा पट्टा पाहिजेच, नाही तर लेकरू खाली आणि जॅकेट वर. आतला फोम दाबून पाहा, परत फुगत नसला तर तो मेलेला आहे. शिट्टी आहे का पाहा आणि वाजवून पाहा. बुकिंग करतानाच लेकरांचं वजन सांगा, त्या मापाचं आहे का विचारा. बहुतेक जागी मोठ्यांचेच असतात.

आणि वैनगंगेत पोहता येते म्हणून समुद्रात उडी मारू नका. खाऱ्या पाण्यात अंग थोडं जास्त तरंगते हे खरं, पण ओहोटीची धार बोटीपासून दूर नेते ते समजतही नाही. इकडं गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात वेगळी भानगड. पाण्याखाली उभी झाडं आहेत. पाणी उतरलं की खुंट पाण्याच्या वितभर खाली राहतात, दिसत नाहीत. तिथं वेगात बोट पळवून राहिला तर त्याले थांबवा.

धागाकर्ता (साकोली)

एक प्रश्न राहतो. आजी नऊवारीत असतात, घरातल्या बायका साडीत. चालेल का?

खलाशी (मूळ चामोर्शी, आता पणजी)

नऊवारी चालते, काष्टा असल्यानं पाय मोकळे राहतात. पाचवारी साडीचा घोळ शिडीच्या पायरीत अटकतो, तो वर खोचून घ्यायला सांगा. पदर कमरेला, आणि जॅकेट पदराच्या वरून. वाऱ्यावर पदर सुटू शकते, म्हणून नांगराच्या दोराच्या रहाटाजवळ बसायचं नाही. चपला चढतानाच काढून टोपलीत ठेवतात. टोकदार टाचेचा सँडल डेकवर चालत नाही, भोकं पडतात आणि त्याचे पैसे वेगळे लावतात. आजींना चढवायला मागची शिडी वापरा, बाजूनं उडी मारून नाही. बहुतेक मोटर-याटले मागं पाण्याच्या पातळीले सपाट फळी असते. इंजिन पूर्ण बंद झाल्यावरच तिच्यावर उभं करायचं.