शेवंडीच्या नांगीवर समाजाची उतरंड? पीटरसन आणि त्यांचे दाखले

खाडीकाठ:
'शेवंडीतही उतरंड असते, तेव्हा माणसांतली विषमता निसर्गानेच घालून दिली' अशी पोस्ट दोन दिवस फिरते आहे. आधार कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉर्डन पीटरसन यांच्या २०१८च्या, जगण्याचे बारा नियम सांगणाऱ्या पुस्तकाचा. राहवलं नाही म्हणून लिहितो. मूळ प्रयोग काय होता? १९८० साली हार्वर्डमध्ये एडवर्ड क्रॅविट्झ यांच्या गटाने शेवंडीला (लॉबस्टरला) सेरोटोनिन हे चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन टोचलं. ती पायांच्या टोकांवर उभी राहिली, नांग्या पुढे, शेपूट आत दुमडलेली. ऑक्टोपामिन हे तसंच दुसरं रसायन टोचल्यावर अंग ताणून तळाशी सपाट झाली. त्यातून माणसांसाठी 'खांदे मागे घेऊन ताठ उभे राहा' हा पुस्तकातला पहिला नियम कसा निघतो? माणसांत तर आवेगी आक्रमकतेचा संबंध सेरोटोनिन कमी असण्याशी जोडला गेला आहे. रसायन तेच, दिशा उलटी.

दुसरी बाजू:
माणसाने शेवंडीसारखं वागावं असं पीटरसन कुठेही म्हणत नाहीत. ब्रिटनच्या चॅनल ४ वर त्यांची मुलाखत घेताना पत्रकार कॅथी न्यूमन यांनीही हीच गल्लत केली होती. उतरंड भांडवलशाहीच्या किंवा पुरुषसत्तेच्या कितीतरी आधीची आहे, एवढाच त्यांचा मुद्दा. आणि भोंदू कुणाला म्हणता? हार्वर्डनंतर १९९८पासून ते टोरंटो विद्यापीठात शिकवत होते. व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांचे प्रत्येकी दोन पैलू मोजणारी १०० विधानांची प्रश्नावली २००७ साली डीयंग आणि क्विल्टी या संशोधकांसोबत त्यांनी केली. संशोधक ती आजही वापरतात.

चिकित्सक:
भोंदू हा शब्द वर कुणीच वापरलेला नाही. रसायनाचं मात्र अर्धवट राहिलं. १९९६ साली क्रेफिशच्या (शेवंडीच्या गोड्या पाण्यातल्या नातेवाइकाच्या) शेपटी झटकून पळण्याच्या चेतापेशीवर सेरोटोनिन सोडून पाहिलं. वरचढ प्राण्यात पेशीचा प्रतिसाद वाढला, दबलेल्यात घटला. पुढे दोन दबलेले एकत्र ठेवले, त्यांतला एक वरचढ ठरला, आणि त्याच्या पेशीचा प्रतिसादही पालटला. म्हणजे रसायन दर्जा ठरवत नाही. दर्जा बदलला की रसायनाचा अर्थ बदलतो.

शेवंड प्रतिस्पर्ध्याला ओळखते ती मूत्राच्या वासावरून. मूत्राशय डोक्यात असतं, फवारा समोरच्याच्या तोंडावर जातो. हरलेली शेवंड दुसऱ्या दिवशी त्या वासाने माघार घेते. नळी लावून मूत्र अडवलं की लढाई पुन्हा पहिल्या दिवसाइतकीच लांबते. इथे ताठ उभं राहण्याचा संबंधच काय?

दुसरी बाजू:
चर्चा उतरंडीची आणि तुम्ही मूत्राशयात शिरलात. विषय भरकटवू नका.

चिकित्सक:
दाखला शेवंडीचा दिला कुणी? दाखला तुमचा, मग तो तपासणं म्हणजे भरकटणं कसं?

तळटीप:
त्या शेवंडीला आता सोडा. २०२२ साली ओंटारिओच्या मानसशास्त्रज्ञ नियामक मंडळाने पीटरसन यांना समाजमाध्यमांवरच्या वागण्याबद्दल प्रशिक्षण घ्यायला सांगितलं, २०२३ मध्ये न्यायालयाने ते कायम ठेवलं. विश्वासार्हतेचा प्रश्न तिथून सुरू होतो.

आणि पीटरसन यांची 'कर्तबगारीची उतरंड' ऐकून आपल्याकडे तरी कान टवकारायला हवेत. जात म्हणजे नुसती श्रमविभागणी, असं म्हणणाऱ्यांना आंबेडकरांनी १९३६ सालीच उत्तर दिलं: ही श्रमिकांची विभागणी आहे, तीही एकाखाली एक. ज्या उतरंडीत वर चढायची वाटच नाही, तिथे कर्तबगारी मोजणार कशी?

दुसरी बाजू:
ते प्रकरण ट्विटरवरच्या मजकुराचं होतं, संशोधनाचं नाही. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका. जातीचं पटतं. जन्मावर ठरलेली जागा पीटरसन यांच्या कर्तबगारीच्या व्याख्येत बसत नाही. पण म्हणून उतरंड टळते का? उतरंड नसलेला एखादा प्राइमेट (माकड-वानरांचा) कळप दाखवा.

खाडीकाठ:
दाखवतो. जीवशास्त्रज्ञ सापोल्स्की यांनी अभ्यासलेली केनियातली बबून माकडं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्यटक निवासाच्या उकिरड्यावरचं क्षयाने दूषित मांस खाऊन त्या कळपातले जवळपास निम्मे नर मेले. तिथे भांडून जागा मिळवणारे आडदांड नरच जात, म्हणून मेले तेच. उरलेले नर मवाळ. उतरंड राहिली, पण खालच्यांना छळणं कमी झालं, त्यांच्यातला ताणही उतरला. दहा वर्षांनी जुने नर संपले होते, बाहेरून आलेल्या नव्या नरांनीही तीच रीत उचलली होती. उतरंड जुनी असेल, पण तिची धार परिस्थितीवर ठरते. पीटरसन यांच्या मांडणीत ही धार येतच नाही.

दुसरी बाजू:
बबूनांचं मान्य. पण पीटरसन यांच्याच ध्येयलेखनाचा, म्हणजे आपली ध्येयं लिहून काढण्याचा, प्रयोग २०१० साली मॅकगिल विद्यापीठात झाला, अभ्यासात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. तेही लिहा.

चिकित्सक:
ते चांगलं काम आहे, नाकारत नाही. पण तिथे तुलनेला दुसरा गट होता, गुण मोजले होते. शेवंडीपासून माणसापर्यंतच्या उडीत यातलं काय आहे, ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही.