एला फिट्झजेराल्डच्या गाण्यात दुःख नाही म्हणणाऱ्यांसाठी

शुद्धगंधार
परवा एका मित्राकडे जुनं जॅझ ऐकायला जमलो होतो. एलाची रेकॉर्ड लावली आणि दोन मिनिटांत ते ठरलेलं वाक्य आलंच, "गळा सोन्याचा आहे बाईंचा, पण काळजाला हात घालत नाही, त्यासाठी बिली हॉलिडेच." बिली म्हणजे एलाच्याच काळातली दुसरी मोठी जॅझ गायिका. कॉलेजपासून ऐकतोय हे, आणि दर वेळी मनाला लागतं, म्हणून आज लिहूनच टाकतो.

१९५६ च्या कोल पोर्टर साँगबुकमधलं, म्हणजे कोल पोर्टर या एकाच संगीतकाराची गाणी एलानं गायलेल्या अल्बममधलं, 'मिस ओटिस रिग्रेट्स' ऐका. अल्बममध्ये इतरत्र भरपूर वाद्यं आहेत, इथे मात्र साथीला फक्त पियानो. घरचं नोकरमाणूस अदबीनं निरोप सांगतंय की मिस ओटिस आज जेवायला येऊ शकत नाहीत, त्यांना वाईट वाटतंय. मग कडव्यागणिक उलगडत जातं की तिला एकानं फसवलं, तिनं त्याला गोळी घातली, जमावानं तिला तुरुंगातून ओढून काढलं आणि झाडाला लटकवलं. एवढं सगळं होतं तरी एला शेवटपर्यंत ती अदब सोडत नाही, रडत नाही, हुंदका नाही काही नाही. निरोपाचं ते वाक्य शेवटी परत येतं ना, शब्द तेच असतात पण मला ते ऐकवत नाही. याला कोरडं कसं म्हणायचं?

निशाचर
असहमत. ती अदब कोल पोर्टरनं लिहिलेली आहे, गाण्यातच आहे. एलानं ते नीट वाचून दाखवलं, बिघडवलं नाही, एवढंच श्रेय मी देईन.

गाणारीनं गाण्याला काय दिलं ते बिलीकडे बघा. आवाजाचा पल्ला जेमतेम सप्तकभर, जोर नाही, आणि तरी. ती ठेक्याच्या मागे रेंगाळते, आता शब्द येईल असं वाटतं तेव्हा येत नाही, आणि येतो तेव्हा आपण बेसावध असतो. मूळ चालीतल्या चढउतारांना ती सपाट करून टाकते, दोन-तीन सुरांतच ओळ म्हणते, म्हणजे आपण चाल विसरून बाई काय बोलतेय ते ऐकायला लागतो. १९५८ च्या 'लेडी इन सॅटिन'मध्ये तर आवाज पार फाटलाय, पुढच्याच वर्षी ती गेली, पण एक शब्द वाया जात नाही. एलाकडे सगळं आहे म्हणून ती सगळं वापरते, माझी तक्रार ती आहे.

लयवेडा
निशाचर, सगळं वापरते म्हणालात म्हणून सांगतो. १९६० चा फेब्रुवारी, बर्लिन, हजारो माणसं समोर बसलीत, 'मॅक द नाइफ' सुरू आहे आणि बाई मध्येच शब्द विसरतात. दुसरं कोणी असतं तर गडबडलं असतं, थांबलं असतं. ही ताल न सोडता त्याच चालीवर गाऊनच सांगते की पुढचं कडवं काय होतं बरं, मग हे गाणं आधी कोणी कोणी गायलंय त्यांची नावं त्यातच गुंफते, ट्रंपेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते, आणि असं करत करत गाणं पार नेते. एकही मात्रा सांडत नाही. तेच रेकॉर्डिंग बाजारात आलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. आता यात काळीज नाही? समोरच्यांवर एवढा जीव असल्याशिवाय माणूस इतकं निर्धास्त होऊच शकत नाही. आनंद हाही भावच आहे ना, की फक्त करुण रसालाच मार्क द्यायचे?

निशाचर
लयकारी मला मान्य आहे, त्यात तिचा हात धरणारी कोणी नाही. पण स्कॅटचं, म्हणजे शब्दांऐवजी नुसत्या अर्थहीन अक्षरांवर गळा फिरवण्याचं, बोलायचं तर ते लांबत जातं तेव्हा मला भावगीतात कोणी तानांवर ताना घेतल्यासारखं होतं. ट्रंपेटवाल्यांच्या जागा गळ्यातून काढल्या, कमाल आहे, टाळ्या. पण गाणं कुठे गेलं?

दुपारचा_चहा
मला वेगळंच बोलायचंय. बिलीचं आयुष्य सगळ्यांना तोंडपाठ असतं, ड्रग्ज, तुरुंग, वाईट पुरुष, आणि मग तेच आपण तिच्या आवाजात शोधतो आणि ते सापडतं. एलाचं कोणाला माहीत असतं? १९३२ साली आई गेली तेव्हा ही पंधरा वर्षांची. मग शाळा सुटली, मुलींच्या सुधारगृहात टाकलं, तिथून पळाली, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रस्त्यांवर राहिली. नोव्हेंबर १९३४ मध्ये तिथल्याच अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या रात्री ती गेली ती नाचायला, पण आधी दोन बहिणींचा नाच इतका जबरदस्त झाला की हिचे पाय गळाले आणि आयत्या वेळी ती गायली. जिंकली. ड्रमवादक चिक वेबच्या बँडमध्ये घ्यायची वेळ आली तेव्हा तो आधी तिचं ध्यान बघूनच नको म्हणत होता. हे सगळं तिनं पुढे कधी मिरवलं नाही, सुधारगृहाबद्दल तर बोलायचीच नाही. ज्या बाईनं ठरवून झाकलं तिच्याकडे काही नव्हतंच असं आपण कसं म्हणतो, मला खरंच राग येतो याचा.

निशाचर
ताई, मी आयुष्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, गाण्याबद्दलच बोलतोय. हाल दोघींचे झाले, मान्य.

माझा राग साँगबुकांवर आहे. तिचा निर्माता नॉर्मन ग्रँझनं १९५६ ते ६४ मध्ये एकेका संगीतकाराला धरून आठ केली. पहिल्या कोल पोर्टरमध्येच ३२ गाणी, १९५९ च्या गर्श्विनमध्ये तर पाच तबकड्या आणि पन्नासच्या वर गाणी! एवढं गायचं म्हटल्यावर एकेका गाण्यापाशी थांबणार कधी? सगळं स्वच्छ, इस्त्री केलेलं, छान. संगीतकार जॉर्ज गर्श्विनचा गीतकार भाऊ आयरा म्हणाला होता म्हणे की एलानं गाईपर्यंत आमची गाणी इतकी चांगली आहेत हे कळलंच नव्हतं. तो संगीतकाराच्या घरातला आनंद झाला, ऐकणाऱ्याचं काय?

बार्देशकर
माझे आजोबा गोव्याहून मुंबईला आले आणि हॉटेलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, ते सांगायचे की नाचणाऱ्यांसाठी वाजवताना पहिला धर्म म्हणजे पाय अडखळता कामा नये. एला तशीच तयार झाली, हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघरात, जिथे एक बँड थांबला की दुसरा सुरू, आणि समोरची माणसं ऐकायला नाही, नाचायला आलेली. शब्द लख्ख आणि ठेका पक्का ही तिची सवय तिथली आहे. ठेक्याच्या मागे रेंगाळणं लहान क्लबात, टेबलापाशी बसलेल्यांसमोर शोभतं. १९३८ च्या जानेवारीत त्याच सॅव्हॉयमध्ये चिक वेब आणि काउंट बेसी यांचे बँड एकमेकांसमोर उभे राहिले होते, एकीकडे एला, दुसरीकडे बिली. त्या रात्री तिथे असायला मी काहीही दिलं असतं.

शुद्धगंधार
बार्देशकर, हे फार मोलाचं सांगितलंत, अशा अंगानं मी कधी विचारच केला नव्हता.

निशाचर, साँगबुकांबद्दल अर्धं मान्य, त्यातली काही मीही क्वचितच लावतो. पण म्हणूनच विनंती करतो, १९६० ची ती पॉल स्मिथच्या पियानोवरची रेकॉर्ड ऐका. 'लेट नो मॅन राइट माय एपिटाफ' नावाचा सिनेमा होता, त्यात एलानं व्यसनात बुडालेल्या गायिकेचं काम केलं, आणि त्याच नावानं ही रेकॉर्ड निघाली, पुढे 'द इंटिमेट एला' म्हणून परत आली. वाद्यवृंद नाही, स्कॅट नाही, इस्त्री नाही. 'ब्लॅक कॉफी'पासून सुरुवात करा, रात्री, दिवे घालवून. मग इथे येऊन भांडा.

निशाचर
ऐकलं. काल रात्री दोनदा, आज सकाळी एकदा.

'ब्लॅक कॉफी' म्हणजे झोप न येणारी बाई, कॉफी, सिगारेट, आणि न येणारा माणूस. मला वाटलं होतं ती नेहमीसारखी वरच्या सुरांत जाऊन चमकेल. नाही गेली. आवाज खाली ठेवलाय, पियानोच्या अगदी जवळ, आणि काही ओळींच्या शेवटी ती सूर नुसता सोडून देते, जसं आपण थकून हातातला कप खाली ठेवतो. हे मी तिच्याकडून आधी ऐकलं नव्हतं किंवा ऐकायला थांबलो नव्हतो. बिलीच्या खालीच ठेवेन मी अजूनही, त्यात बदल नाही. पण काळीज नाही हे वाक्य मागे घेतो.

दुपारचा_चहा
आता त्याच रेकॉर्डवरचं 'एंजल आइज' लावा. आणि उद्या सांगा.